ती मुळी कोणती होती?

नातीने बी.फार्म. पूर्ण केले आणि पुढे एम.फार्म. करावयाचे तर ते फार्माकॉग्नोसी याच विषयात, असा निर्धार तिने बोलून दाखविला, तेव्हा आमच्या तुमसरच्या घरात थोडी खळबळच उडाली. तिच्या वडिलांना ती औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीकडे जावी असे वाटत होते. तिकडे नोकऱ्या अधिक. आईला मुलीने नागपूरच्या पुढे जाऊ नये एवढेच हवे होते. आणि शेजारच्या एका गृहस्थांनी तर सरळच विचारले, "झाडपाल्याचेच शिकायचे तर कॉलेज कशाला? आमच्या गावचा वैदू फुकटात शिकवील."

या प्रश्नावर सगळे हसले. मी मात्र हसू शकलो नाही. त्याचे कारण सांगितल्याशिवाय पुढचा इतिहास सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

१९६२ सालचा पावसाळा. वडील रेल्वेत होते, तुमसर रोड स्थानकावर. आम्ही देव्हाडीच्या बाजूला एका कौलारू घरात राहत होतो. घराच्या मागे थेट धानाच्या बांध्या. रोवणी नुकतीच आटोपली होती. माझा धाकटा भाऊ आठ वर्षांचा होता; आम्ही दोघे जमिनीवर एकाच अंथरुणात झोपत असू. पहाटे तो पोटात दुखते म्हणून रडू लागला. आईने ओव्याचे पाणी दिले. उजाडल्यावर त्याच्या पापण्या मिटू लागल्या, बोलणे बोबडे झाले, तेव्हा कुणीतरी म्हणाले की मण्यार चावली असावी. वडील रात्रपाळीहून परतले नव्हते. शेजाऱ्यांनी जवळच्या गावातून जाणकार मनुष्य आणला. त्याने एक मुळी उगाळून पाजली, थोडी डोळ्यांत घातली, आणि आईला धीर दिला की मुंगूस सापाशी लढून आल्यावर हीच मुळी खाते. त्याने एक पैसाही घेतला नाही. दवाखान्याचा विचार झाला तोवर तीन तास गेले होते. दवाखान्याच्या पायरीवर आम्ही पोहोचलो तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते.

ही गोष्ट मी नातीला ती दहावीत असताना सांगितली होती. ऐकून ती बराच वेळ गप्प बसली आणि मग तिने विचारले, "आजोबा, ती मुळी कोणती होती?"

मला ठाऊक नव्हते. आईला ठाऊक नव्हते, वडिलांनी कधी विचारले नाही. इतक्या वर्षांत घरातल्या कुणालाही हा प्रश्न सुचला नव्हता. आम्ही दैवाला विचारले, देवाला विचारले, एकमेकांना दोष दिला. परंतु त्या मुळीचे नाव काय, ती कोणत्या झाडाची, तिच्यात काय असते, हे कुणी विचारले नाही. फार्माकॉग्नोसी नावाचे शास्त्र याच प्रश्नापासून सुरू होते, हे मला फार उशिरा कळले.

हा शब्द ग्रीक आहे. 'फार्माकॉन' म्हणजे औषध आणि 'ग्नोसिस' म्हणजे ज्ञान. त्यातही गंमत अशी की ग्रीक भाषेत 'फार्माकॉन' या एकाच शब्दाने औषध आणि विष अशा दोहोंचाही बोध होतो. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जर्मन भाषेच्या प्रदेशात हे नाव रूढ होऊ लागले. शास्त्राला नाव नवे मिळाले, पण शोध जुनाच होता. आणि या शोधाच्या वाटेवर आपल्या मराठी मुलखातील माणसे व आपल्या धर्मसभेतील काही धर्मगुरू खांद्याला खांदा लावून चालले आहेत. त्यांची ओळख आपल्या कुटुंबांना फारशी नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रारंभ गोव्यापासून करावा लागतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यास आला आणि तेथेच राहिला. मुंबईचे बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ मध्ये गोव्याच्या छापखान्यात त्याचा औषधी द्रव्यांवरील ग्रंथ छापून झाला. संपूर्ण ग्रंथ संवादरूपाने आहे. युरोपातून नुकताच आलेला रुआनो नावाचा काल्पनिक विद्वान प्राचीन ग्रंथांचे दाखले देत प्रश्न विचारतो आणि ओर्ता येथे डोळ्यांनी पाहिलेले सांगून त्याला उत्तर देतो. मध्येच अँतोनिया नावाची दासी हाक मारताच ताजी फांदी नाहीतर फळ आणून पुढे ठेवते. पुस्तकात काय आहे यापेक्षा ताटात काय आहे ते पाहा, असा त्याचा बाणा. इथल्या वैद्यांकडून आपण काय शिकलो, हेही तो मोकळेपणाने नमूद करतो.

अशा डोळस माणसानेही सापाच्या मुळीबाबत मात्र ऐकीव गोष्टीवर भरवसा ठेवला. सिंहलद्वीपातील 'सर्पकाष्ठा'वर त्याने एक स्वतंत्र संवाद लिहिला, आणि त्यात मुंगूस सापाशी झुंजताना या मुळीचा आधार घेते, अशी हकीगत आहे. तो संवाद अनुवादात वाचताना माझ्या हातून पुस्तक खाली पडले. गोव्यात छापली गेलेली तीच मुंगुसाची कथा चारशे वर्षांनंतर देव्हाडीच्या आमच्या ओसरीवर माझ्या आईला सांगितली गेली होती.

ओर्ता १५६८ मध्ये वारला. तो मूळच्या ज्यू घराण्यातील. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्याच्या इन्क्विझिशनने जिवंत जाळले आणि १५८० मध्ये ओर्ताच्या अस्थी उकरून त्याही अग्नीत टाकल्या. आपल्या नियतकालिकात हे लिहिताना लेखणी अडखळते. परंतु ज्यांच्या कर्तृत्वाचा अभिमान पुढे सांगावयाचा आहे त्यांच्या पंक्तीत हे पान फाडून टाकून बसता येणार नाही.

शंभर वर्षांनी कोचीनला डच अंमलाखाली 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध झाला. १६७८ ते १६९३ या काळात तो प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभीच्या चित्रांसाठी कार्मेलाईट संघाचे फा. मॅथ्यू यांनी परिश्रम घेतले. वनस्पतींची माहिती इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याने पुरविली आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी ती पडताळली. या तिघांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र ग्रंथात आपल्या नागरी लिपीत छापलेले आहे. प्रॉटेस्टंट अधिकारी, कॅथॉलिक धर्मगुरू आणि हिंदू वैद्य एका झाडाभोवती जमले, हे त्या काळात नवलच म्हणावयाचे.

आता मुंबईकडे वळू. एकोणिसाव्या शतकात ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकून बाहेर पडलेल्या मराठी डॉक्टरांना एक अडचण सतत भेडसावत होती. बाजारात एका नावाने चार वस्तू मिळत आणि एका वस्तूला चार नावे असत. डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ मध्ये मुंबईच्या बाजारातील औषधी द्रव्यांची एक सूची प्रसिद्ध केली. डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण ते उत्तम वनस्पतिज्ञ होते आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांपैकी एक होते.

त्यांच्याच परंपरेतले लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. लष्करी वैद्यकीय सेवेतील शल्यविशारद, विषारी वनस्पतींचे अभ्यासक, आणि विशेष म्हणजे मराठी कवी. १९०९ मध्ये बडोद्यास भरलेल्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. मेजर वामनदास बसू या बंगाली सहकाऱ्यासह त्यांनी भारतीय औषधी वनस्पतींचा महाग्रंथ रचला. तो अलाहाबादहून १९१८ मध्ये बाहेर पडला. कीर्तिकर मात्र आदल्या वर्षीच निवर्तले होते. ग्रंथ हाती घेण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

या ग्रंथाची दुसरी आवृत्ती १९३३ मध्ये निघू लागली. तिचे पुनर्मुद्रण मी नागपूरच्या एका ग्रंथालयात पाहिले, तेव्हा शीर्षकपृष्ठावरची संपादकांची नावे वाचून मी थबकलो. तीन नावांपैकी दोन येशूसंघीय धर्मगुरूंची होती, फा. एथेलबर्ट ब्लॅटर आणि फा. जाँ फर्दिनाँ कायुस. तिसरे नाव डॉ. कृष्णाजी श्रीपत म्हसकर यांचे.

फा. ब्लॅटर स्वित्झर्लंडचे. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकविले आणि रानोमाळ भटकून वाळविलेल्या वनस्पतींचा जो संग्रह उभारला तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९३४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या वाटेने पुढे फा. सांतापाव गेले. स्पेनमध्ये जन्मलेले हे धर्मगुरू १९६१ पासून काही वर्षे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या सर्वोच्च पदावर होते, आणि १९६७ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. या दोघांविषयी स्वतंत्र लेख लिहावा लागेल. मला आज थांबायचे आहे ते फा. कायुस आणि डॉ. म्हसकर यांच्यापाशी.

फा. कायुस फ्रेंच, रसायनाचे जाणकार. मद्रास इलाख्यात अंकुशकृमीच्या रोगावर जी मोहीम चालली तिच्यात या दोघांनी जंतावरील औषधे तपासली होती. पुढे दोघेही मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागले. या संस्थेची वास्तू मोठी बोलकी आहे. पोर्तुगीज काळात तेथे ख्रिस्ती प्रार्थनास्थळ होते, इंग्रजांनी ते ताब्यात घेऊन गव्हर्नरांचा बंगला केला, आणि १८९९ मध्ये प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा तेथे आली. जेथून एके काळी धर्मगुरूंना बाहेर पडावे लागले, तेथेच एक धर्मगुरू अंगरख्याच्या बाह्या सावरून औषधांच्या परीक्षा करू लागला!

या दोघांनी हाती घेतलेला एक प्रश्न असा होता की सापाच्या विषावर म्हणून देशभर ज्या वनस्पती सांगितल्या जातात, त्यांपैकी खरोखर किती उपयोगी पडतात? त्यांनी प्राचीन ग्रंथांतून, प्रवासवर्णनांतून, वैद्यांच्या तोंडून नावे गोळा केली. प्रत्येक वनस्पती खरीच ती आहे याची आधी खात्री केली. नंतर प्राण्यांवर विषाचे प्रयोग करून प्रत्येकीची परीक्षा घेतली. एकेकटीची आणि मिश्रणांचीही. तीनशेहून अधिक वनस्पती त्यांनी अशा तपासल्या. १९३१ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. निष्कर्ष एका ओळीत मावण्यासारखा होता: यांपैकी एकही सर्पविषावर उतारा नाही.

किती वर्षांचे श्रम, आणि हाती काय? नकार. दुसरा एखादा संशोधक निराश झाला असता किंवा दोन-चार वनस्पतींना 'काहीसा गुण दिसतो' असे म्हणून वेळ मारून नेली असती. या दोघांनी तसे केले नाही. उलट कीर्तिकरांच्या ग्रंथाची नवी आवृत्ती करताना त्यांनी तो नकार पानोपानी नोंदविला. एखाद्या वनस्पतीखाली जुन्या ग्रंथांतील उपयोग आदराने दिलेले असतात, गावोगावचे प्रघात दिलेले असतात, आणि त्याखाली एक छोटेसे वाक्य येते की ही वनस्पती सर्पविषावर किंवा विंचवाच्या विषावर उतारा नव्हे. मी त्या खंडांची पाने उलटीत गेलो आणि हे वाक्य पुन्हा पुन्हा भेटत गेले. माझ्या भावाला पाजलेली मुळी यांतलीच कुठली तरी असणार. तिच्यावरचा निर्णय तो जन्मण्यापूर्वीच छापून झाला होता.

मग तो तुमसरला का पोहोचला नाही? ग्रंथ इंग्रजीत होता, किमतीने जड होता, वैद्यकाच्या थोर ग्रंथालयांत होता. ही कारणे खरीच आहेत. पण मला वाटते, आणखी एक आहे. 'अमुक मुळी गुणकारी आहे' ही बातमी पायांनी चालते, 'ती निरुपयोगी आहे' ही बातमी बसूनच राहते. तिला गावापर्यंत न्यावयास कुणीतरी शिकलेले माणूस लागते. दरम्यान त्याच हाफकिन संस्थेत सर्पविषावरील खरे प्रतिविष तयार होऊ लागले होते. १९६२ मध्ये ते देशात मिळत होते. आम्ही तीन तास मुळीवर घालविले.

यावरून कुणी असा अर्थ काढू नये की झाडपाल्यात तथ्यच नसते. ओर्ताने वर्णिलेले ते 'सर्पकाष्ठ' म्हणजे आपली सर्पगंधा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. सापावर ती कुचकामाची. पण मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये त्या ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी तिच्यातून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे काढले, आणि पुढील काही वर्षे रक्तदाबावरील व मनोविकारांवरील उपचारात त्याने मोठे स्थान मिळविले. ज्या कामासाठी मुळी प्रसिद्ध होती त्यात ती नापास झाली आणि भलत्याच परीक्षेत पहिली आली. परीक्षाच घेतली नसती तर दोन्ही गोष्टी कळल्या नसत्या.

या सगळ्या मंडळींपैकी कुणाकडेही नातीला हवी असलेली पदवी नव्हती. कीर्तिकर शल्यविशारद, ब्लॅटर व कायुस धर्मगुरू, म्हसकर व वकील डॉक्टर. औषधनिर्माणशास्त्र हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय आहे हेच आपल्याकडे उशिरा मान्य झाले. १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषधविषयक चौकशी समिती नेमली गेली. भेसळीच्या औषधांचा जो सुळसुळाट झाला होता त्यावर तिने बोट ठेवले आणि प्रशिक्षित औषधनिर्मात्यांची गरज सांगितली. बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. महादेव लाल श्रॉफ यांच्या खटपटीने १९३२ मध्ये या विषयाला आरंभ झाला आणि १९३७ मध्ये बी.फार्म. सुरू झाले. फार्मसी कायदा १९४८ चा. मुंबईचे बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी १९५७ चे. आज विदर्भातही या विषयाची महाविद्यालये गावोगाव दिसतात. पदव्युत्तर प्रवेशासाठी देशपातळीवर जीपॅट ही परीक्षा असते. तिच्यात पात्र ठरणाऱ्यास दोन वर्षे दरमहा शिष्यवृत्ती मिळते. नात ती परीक्षा उत्तीर्ण झाली आणि तिच्या वडिलांचा निम्मा विरोध तेथेच मावळला, हे सांगावयास हरकत नाही!

उरलेला निम्मा मावळला तो कुड्याच्या सालीमुळे.

आमच्या तालुक्याच्या उत्तरेस, बावनथडीच्या बाजूला, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींच्या आसपास अजून रान आहे. मोह, तेंदू, हिरडा, बेहडा, चारोळी, बिबा आणि कुडा. कुड्याची साल आमांशावरचे जुने औषध. पण कुडे दोन, पांढरा आणि काळा. औषधाचा तो पांढरा. काळ्या कुड्याची साल तिच्यात बेमालूम मिसळली जाते. एका सुट्टीत नातीने घरात एक प्रयोग मांडला. तुमसरच्या बाजारातून कुड्याची म्हणून मिळालेली साल, आणि रानात स्वतः झाड ओळखून काढलेली साल. दोन्ही भिजवून तिने पात्याने पातळ छेद घेतले. एक थेंब फ्लोरोग्लुसिनॉलचा, एक हायड्रोक्लोरिक आम्लाचा. महाविद्यालयातून थोड्या दिवसांसाठी मागून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाला तिच्या वडिलांनी डोळा लावला. अस्सल पांढऱ्या कुड्याच्या सालीत दगडासारख्या टणक पेशींचे पट्टे गुलाबी-लाल उमटले होते आणि त्यांच्या कडेने कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक चमकत होते. बाजारातल्या सालीचा छेद काही वेगळेच बोलत होता.

"म्हणजे हे विकणारा लबाड आहे?" वडिलांनी विचारले.

"तसे म्हणता येणार नाही, बाबा," ती म्हणाली. "ज्याने साल काढली त्यालाच कदाचित फरक ठाऊक नसेल."

मला त्या १९६२ च्या माणसाची आठवण झाली. एक पैसा न घेणारा. वर्षानुवर्षे मी त्याच्यावर मनातून रागावलो होतो.

आता ती नागपूरला आहे. चार सत्रांचा अभ्यासक्रम, शेवटी प्रबंध. प्रबंधासाठी तिने पूर्व विदर्भात सर्पदंशावर आजही कोणकोणत्या मुळ्या दिल्या जातात त्यांची ओळख पटविण्याचा विषय मागितला होता. मार्गदर्शकांनी तो फार पसरट आहे म्हणून बदलावयास सांगितले, आणि ते योग्यच केले. तिने दोन कुडे घेतले. पण सुट्टीत येते तेव्हा ती वही घेऊन आसपासच्या गावांतल्या वृद्धांकडे जाते. मुळीचे नाव, झाड, कुणी दाखविली, कशी देतात, सारे लिहून घेते. निघताना त्यांना सांगते की साप चावला तर आधी रुग्णालय गाठा, ही मुळी नंतर मला दाखवा. काही जण ऐकतात. एका आजीबाईंनी तिला सुनावले, "तुझ्या जन्माआधीपासून मी देतो." त्या आजीबाईंकडे ती पुन्हा गेली होती.

मागच्या महिन्यात तिने माझ्या जुन्या शब्दकोशाखाली वर्तमानपत्रात दाबून ठेवलेली एक फांदी काढली आणि जाड कागदावर शिवली. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी चिकटविली. वनस्पतीचे शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. स्थळाच्या रकान्यात तिने 'तुमसर तालुका' लिहिले आणि थोडे थांबून मला विचारले, "आजोबा, तेव्हाचे आपले घर नेमके कुठे होते?" मी तिला सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे देव्हाडीला गेलो. घर आता नाही. मागच्या बांध्या आहेत, आणि बांधाच्या कडेने बरेच काही उगवले आहे. ती वाकून एकेक पान पाहत पुढे गेली. मी पिशवी धरून मागे उभा होतो.